भरताचे वांगे आणि बदललेले जळण

खानदेशात भरताचे वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, भाजण्याची रीत आहे. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळचे आसोदे ही गावे या वांग्यासाठी ओळखली जातात. मोठे, फिकट हिरवे, कमी बियांचे हे वांगे ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनास पात्र ठरले. मानांकन वांग्याला मिळाले, जळणाला नाही. चवीत मात्र दोघांचाही वाटा आहे.

मांस निखाऱ्यावर भाजताना चरबी वितळून खाली ठिबकते, जळते आणि तिचाच धूर मांसाला लागतो. वांग्यात चरबी नसते. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. त्यामुळे धुराची चव हवी असेल तर ती जळणातूनच यावी लागते. पऱ्हाटीत ती असते. लाकडातील लिग्निन तापून फुटले की ग्वायकॉलसारखी सुवासिक द्रव्ये निघतात, आणि धूर म्हणून जे आवडते ते बहुतांशी हेच. शिवाय पऱ्हाटी बारीक असल्याने झटकन पेटते आणि तिचा जाळ वांग्याला चहूबाजूंनी वेढतो. साल करपून सुटते, पाणी आतच वाफाळते आणि गर त्या वाफेवर शिजतो.

ही काडी आता पूर्वीइतकी हाताशी राहिलेली नाही. गुलाबी बोंडअळीचा प्रसार रोखण्यासाठी फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे लांबवणे) न घेता हंगाम संपताच शेत मोकळे करावे आणि पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर साठवू नयेत, असा सल्ला कृषी विभाग देतो. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून जमिनीत गाडण्याकडेही कल वाढला आहे. शेतीच्या दृष्टीने हे योग्यच. भरीत करणाऱ्याला मात्र दुसरे जळण शोधावे लागते.

सर्वांत जवळची म्हणजे तुरीची काडी. ती वापरताना पद्धत फारशी बदलावी लागत नाही.

कोळशाचे तसे नाही. कोळसा होताना, साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानात, लाकडातील बाष्पशील द्रव्यांचा बहुतेक भाग उडून जातो. उरते ती धग. धूर जवळजवळ नसतोच. पऱ्हाटीच्या सवयीने वांगे निखाऱ्यांत लोटले तर टेकलेली बाजू जळते, वरची कच्ची राहते. म्हणून निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आल्यावर वांगे थोड्या अंतरावर, जाळीवर ठेवावे आणि वारंवार फिरवावे. बाभळीचा जड कोळसा धग बराच वेळ धरतो. हलक्या लाकडाचा लवकर विझतो, तेव्हा तो जास्त घ्यावा लागतो. अर्धवट भाजलेला कोळसा झोंबणारा, कडवट धूर सोडतो. तो पूर्ण लाल होईपर्यंत वांगे दूरच बरे. धुराची उणीव भरून काढायला शेवटी मूठभर कोरड्या काड्या निखाऱ्यांवर टाकून वर झाकण ठेवले तरी पुरते.

‘पांढरा कोळसा’ मात्र नावापुरता कोळसा आहे. पऱ्हाटी, भुईमुगाची टरफले असा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या या कांड्या कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतात. त्या कोळशासारख्या भाजलेल्या नसल्यामुळे सुरुवातीला दाट धूर देतात. जाळ बसून निखारा झाल्यावरच त्यांचा उपयोग. रंग दिलेले किंवा रसायन लावलेले लाकूड कोणत्याच प्रकारे चालत नाही.

जळण कोणतेही असो, वांग्याला आधी तेलाचा हात लावून टोचे मारावेत, नाहीतर वाफेने ते फुटते. भाजून झाल्याची खूण देठाजवळ पाहावी, कारण तो भाग सर्वांत शेवटी मऊ होतो. काजळी धरलेली साल पूर्ण काढून टाकावी. कोळशावर भाजलेल्या वांग्याला पाणी जास्त सुटलेले आढळले, तर मिरची, लसूण आणि कांद्याच्या पातीत मिसळण्यापूर्वी गर थोडा वेळ निथळू द्यावा.