कागदावरचे किलोमीटर
पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीचा पल्ला एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर असा प्रमाणित केला होता. दिल्लीतल्या एका ग्राहकाची तक्रार मात्र अशी, की गाडी दोनशेच्या पुढे जातच नाही! मार्च २०२१मध्ये दिल्ली सरकारने या गाडीचे अनुदान थांबवले. लगेच उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

दोन्ही आकडे खरे असू शकतात.

प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठरावीक वेगाने धावते, एसी बंद असतो. रस्त्यावर एसी, घाट, भरलेली डिकी आणि मुख्य म्हणजे वेग. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणूनच ही गाडी शहरातल्या गर्दीत टिकते आणि द्रुतगती मार्गावर दमते. पेट्रोलगाडीच्या अगदी उलट.

विक्रेत्याला एवढेच विचारा: एसी लावून महामार्गावर गाडी किती जाते?