मोटारीमागें बांधलेली मोटार

नाशिककर मंडळी मुंबईहून आगगाडीनें परततात, तेव्हां कसाऱ्यास बहुतेक गाड्या थांबतात आणि त्यांच्या पाठीशीं आणखी इंजिनें लावलीं जातात. तेथून इगतपुरीपर्यंतच्या थळ घाटांत 37 फुटांस 1 फूट असा चढ आहे. हीं इंजिनें पुढें न लावतां मागें कां लावतात, असें मुलें हटकून विचारतात. सारा भार पुढूनच ओढला, तर डब्यांच्या जोडण्यांवर विलक्षण ताण येईल. आणि एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे कसाऱ्याच्या दिशेनें धावत सुटतील. मागचें इंजिन तो भार आपल्या अंगावर झेलून धरतें.

हाच विचार आतां सडकेवरही करण्याची वेळ आली आहे. महाराष्ट्र सरकारनें 2021 सालीं कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली ही अवजड मोटार पंचवटीच्या बोळांत शिरणार कशी? मग अमेरिकेंत नेतात तशी घरची लहान मोटार तिच्या मागें बांधून कां नेऊं नये, अशी कल्पना साहजिकच सुचते. तिकडे ती चारही चाकांवर, ताठ दांड्यानें जोडून ओढतात खरी; परंतु पुढच्या गाडीबरोबर तिचेही ब्रेक लागावेत अशी योजना केलेली असते, ही गोष्ट सांगणारे थोडे.

आपल्याकडे 1989 च्या नियमांनीं मोटारीमागें मोटार ओढण्याची मुभा मुख्यतः नादुरुस्त गाडीपुरती दिली होती, तीही जवळच्या दुरुस्तीखान्यापर्यंत. दोन गाड्यांत 5 मीटरहून अधिक अंतर नको, वेग ताशीं 24 किलोमीटरच्या आंत हवा, आणि मागच्या गाडीची पुढची चाकें उचलून धरलेलीं नसतील तर तींत परवानाधारक चालक बसलेला हवा. 2017 सालीं त्यांच्या जागीं नवे विनियम आले, तरी हौसेखातर दुसरी मोटार ओढीत नेण्याची वाट कांहीं त्यांनीं खुली केली नाहीं.

हा केवळ कायद्याचा काच नव्हे. चढावर दोर ताठ असतो, म्हणून सारें ठीक भासतें. उतार लागून पुढच्यानें ब्रेक दाबला कीं दोर सैल पडतो आणि मागची गाडी पुढचीवर चालून येते. 20 फुटांस 1 फूट उतार धरला, तर 1000 किलोंच्या मोटारीचा रेटा सुमारें 50 किलोंचा होतो, आणि तो क्षणभरही थांबत नाहीं. शिवाय इंजिन बंद असल्यानें ब्रेकला मिळणारें साहाय्य एकदोन दाबांतच संपतें. मग पायटा दगडासारखा घट्ट होतो. सुकाणूही जड होतें, आणि किल्ली काढून घेतली असेल तर तें जागच्या जागीं अडकतें. "दादा, तुम्ही नुसतें चाक धरून बसा," असें म्हणून घरांतल्या वडील माणसाला मागच्या गाडींत बसविणारे महाभाग असतात. त्यांनीं आधीं स्वतः तेथें बसून पाहावें! आपोआप गिअर बदलणाऱ्या कित्येक मोटारींत तर इंजिन बंद असतां चाकें फिरत राहिलीं कीं गिअरपेटींतील भागांना तेल पोहोंचत नाहीं, व पेटी जळते.

यास्तव कसाऱ्याच्या घाटांत मोटार बंद पडली, तर दोर शोधीत न बसतां सपाट पाठीची मालमोटार बोलवावी व गाडी तिच्यावर चढवून न्यावी. खर्च अधिक येतो, पण ब्रेक एकाच्याच पायाखालीं राहतो. कॅरॅव्हॅनवाल्यांनीं लहान मोटार घरींच ठेवावी. नाशिकाहून त्र्यंबकेश्वरास एस. टी. जाते, आणि पंचवटींत रिक्षा मिळतेच.