आवणीनंतरची पाठ

 

मालिशीच्या उपचारांवर बोलायला खर्डीपेक्षा योग्य जागा मला सुचत नाही. इथल्या रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला तानसा आणि मोडकसागरची धरणं, दुसऱ्या अंगाला भातसाचं. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबई पिते आहे आणि याच शहापूर तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. तो डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बाईची मान, आणि पाऊस लागला की भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात वाकलेली तिचीच कंबर, हा आज माझा विषय आहे. मालिश ही चैनीची गोष्ट आहे, असा समज शहरात पक्का होत चालला आहे. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे ती माणसं इथे राहतात, आणि त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते.

वाकलेल्या कमरेत नेमकं काय होतं? बराच वेळ ओणवं राहिलं की मणक्यांना धरून ठेवणारे बंध हळूहळू सैलावतात. तशात एकदम उठून राबातल्या रोपांचा भारा उचलला की उसण भरते. म्हणून भारा उचलण्याआधी मिनिटभर ताठ उभं राहावं, कमरेवर हात ठेवून हलकं मागे झुकावं. हा सल्ला मी कोणत्याही तेलापेक्षा मोलाचा मानते. संध्याकाळी आखडलेल्या पाठीला मात्र हात हवा. दाबाच्या आणि स्पर्शाच्या संवेदना मेंदूकडे निघाल्या की मज्जारज्जूतच दुखण्याच्या संवेदनेची वाट अडते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना मांडली; पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण आपल्या कामाला तिने पहिल्यांदा भक्कम पाया दिला. श्वास संथ होतो, स्नायू सैल पडतो, झोप लागते. एवढं मालिशीने नक्की होतं.

मालिशीने अंगातली विषं बाहेर पडतात, थकव्याचं आम्ल निचरून जातं, असं आपल्यापैकी अनेक जण सांगतात. ते सांगणं आपण थांबवू या. कमरेच्या जुन्या दुखण्यात मालिशीचा आराम थोड्याच काळाचा असतो. तो टिकवायचा तर व्यायामाची जोड लागते. जे खरं आहे तेवढंच सांगूनही आपलं काम लहान होत नाही.

आता प्रकारांविषयी. युरोपात योहान मेत्झगर या डच वैद्याच्या परंपरेने मालिशीच्या हातांना फ्रेंच नावं दिली: एफ्लुराज, पेत्रिसाज, फ्रिक्शन, तापोतमां. पाठ्यपुस्तकांत ती पाठ करताना मला घाम फुटायचा. पुढे कळलं, की आमच्या घरी या सगळ्याला शब्द होतेच: सारणं, मळणं, घासणं, थोपटणं. पेत्रिसाजच्या मुळाशी तर पीठ मळण्याचाच अर्थ आहे. नागलीचं पीठ मळणारा हात पोटरीही तशीच मळतो, तळव्याच्या उशीने, बोटं न रुतवता. आयुर्वेदात अभ्यंग आहे, कोरड्या चूर्णाचं उद्वर्तन आहे, हलक्या हाताचं संवाहन आहे. पायांनी तुडवण्याला पादाघात म्हणतात. कामावरून आलेला बाप ओसरीवर पालथा पडतो आणि पोराला पाठीवर चालायला सांगतो, तो हाच. फक्त पोर हलकं असावं आणि त्याने मणक्यावर पाय देऊ नये. वाग्भटाने डोकं, कान आणि तळपाय यांच्या अभ्यंगावर विशेष भर दिला, आणि अपचन झालेल्याला अभ्यंग करू नये हेही बजावलं. तालमीतली मालिश वेगळी, जोरकस. तिच्या अगदी उलट टोकाला लसिकेची मालिश. एमिल वॉडर या डॅनिश उपचारकाने १९३०च्या दशकात ती रूढ केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो, तेव्हा मोराचं पीस फिरवावं इतक्या हळू हाताने ती करतात. तेल कोणतं, हा वाद मी लांबवणार नाही. खुरासणीचं असो, खोबरेल असो, ते स्वच्छ असावं आणि हात सरकावा.

बाळाच्या मालिशीवर मात्र थांबायला हवं, कारण तिथे समोर बसलेल्या, पाड्यापाड्यांवरून आलेल्या सुईणबायांचा अधिकार मोठा आहे. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं अंगावरून हात फिरवला आणि हातापायांच्या घड्या घातल्या. दूध तेवढंच असून त्या बाळांचं वजन मालिश न झालेल्या बाळांपेक्षा रोज सरासरी ४७ टक्के अधिक वाढलं. हातपाय जुळवून घडी घालणं इथल्या आजी पिढ्यान्पिढ्या करत आल्या आहेत. पण त्याबरोबर काही वाईट चालीही आल्या, आणि त्या आजच सोडायच्या आहेत. बाळाच्या नाकाकानांत तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. बाळाची छाती पिळून दूध काढू नका, गळू होतं. ओल्या नाळेला तेल लावू नका. कोंडलेल्या खोलीत धुरी देऊ नका.

मालिश कधी करू नये, हे मला एका सुईणीनेच शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पाड्यावर गेले होते. एका माणसाची पोटरी दुखत होती. तो नुकताच मोठ्या आजारातून उठला होता, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला. मी तेल हातावर घेतलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सुईणीने आपल्या हाताची पालथी बाजू आधी एका पायाला लावली, मग दुसऱ्याला, आणि माझं मनगट धरलं. "याला नको चोळूस, बाय. एकच पाय सुजलाय, नि तोच गरम लागतोय. दवाखान्यात ने." पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. शिरेतल्या गुठळीचं नाव त्या आजीला ठाऊक नव्हतं. मला ते पाठ होतं, आणि हात मीच पुढे केला होता. त्या दिवसापासून मी आधी पालथा हात लावते.

एकाच पायाची गरम सूज, ताप, ताजा मार लागलेली जागा, मोडलेलं हाड, पिकलेली कातडी, बधिर चट्टा: इथे मालिश नाही. हाडवैद्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हाड मोडल्याची शंका आली तर फळीचा आधार बांधा आणि रुग्णालयात पाठवा. चोळू नका. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका.

आता या कामाच्या मान्यतेविषयी. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिश शिकलेल्या बायकांची संस्था काढली. मालिशीच्या नावावर गैरधंदे चालत होते, वर्तमानपत्रांत बदनामी होत होती, आणि आपल्या कामाची अब्रू राखायला त्या चौघी उभ्या राहिल्या. ब्रिटनमधली भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची मोठी संस्था त्याच रोपाचं झाड आहे. आपल्याकडे २०२१च्या कायद्याने भौतिकोपचाराला राष्ट्रीय आयोगाखाली जागा मिळाली. ते चांगलं झालं. पण माझं मनगट धरणाऱ्या त्या आजीसाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत या बायांसाठी अभ्यासवर्ग व्हावेत, शिकलेल्यांची यादी लागावी, रुग्ण वेळेत पाठवल्याबद्दल मानधन मिळावं, ही माझी मागणी आहे. ती ठराव म्हणून आज मांडली जावी.

त्या आजीचे दोन्ही अंगठे मुळाशी सुजून वाकडे झाले होते. उभा जन्म अंगठ्यांनी दाबून मालिश करणाऱ्यांचे होतात तसे. अंगठ्याऐवजी मूठ, कोपर आणि अंगाचा भार कसा वापरायचा, हे तिला कोणी दाखवलं नाही, आणि तिच्या पाठीला तेल लावायलाही कोणी नव्हतं.

दुपारी प्रात्यक्षिक आहे. सुईणबायांनी आज झोपायचं आहे; हात आमचे असतील. डॉक्टर आणि वैद्यमंडळींनी नखं कापून, हात धुऊन अडीच वाजता मागच्या खोलीत यावं.