मातीच्या गडांची साक्ष



गड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या पाषाणाचे बुरूज आणि तुटलेले कडे उभे राहतात. आज ज्या गडांकडे आपण वळणार आहोत, त्यांच्यापाशी यांतले फारसे काही नाही. दक्षिण इंग्लंडमधील ठेंगण्या टेकड्या, त्यांना वेढणारे मातीचे बांध आणि बांधांमधले खोल खंदक, एवढेच त्यांचे वैभव. बांधणाऱ्यांनी मागे एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तेव्हा त्यांची बखर वाचायची ती मातीतूनच.

डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल हा यांतला अतिशय नावाजलेला गड. तो प्रथम बांधला गेला ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास; पुढे वाढत त्याने सुमारे ४७ एकर जागा व्यापली. १९३४ ते १९३७ या वर्षांत मॉर्टिमर व्हीलर यांनी तो खणला. त्यांच्या पत्नी टेसा यांचा या कामात मोठा वाटा होता. १९३६ साली, काम पुरे होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ पर्यंत आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया यांनी उत्खननाचे धडे गिरवले तेही मेडन कॅसलवरच. जमिनीचे चौकोन आखावे, मध्ये न खणलेल्या भिंती राखाव्या आणि त्यांवर उमटलेला थरांचा क्रम वाचावा, ही ती पद्धत.

पूर्व दरवाजापाशी व्हीलरांना सांगाडे सापडले. काहींच्या कवट्यांवर तलवारीचे घाव होते; एकाच्या कण्यात लोखंडी टोक रुतले होते. व्हीलरांनी निष्कर्ष काढला की, इसवी सन ४३ च्या स्वारीत रोमन सेनेने गडावर हल्ला केला आणि पराभूतांनी घाईघाईने आपले मृत पुरले. कथा मोठी रोमहर्षक होती. दोन पिढ्या ती पाठ्यपुस्तकांत नांदली.

पण माती पुन्हा बोलली. १९८५-८६ साली नायल शार्पल्स यांनी तेथे फिरून उत्खनन केले. गडावरची दाट वस्ती रोमन येण्याच्या कितीतरी आधीच ओसरली होती, असे दिसून आले. मृतांजवळ तर भांडी आणि मांस नीट मांडलेले होते. याला का घाईचे दफन म्हणावे? पुढे हाडांची कार्बन-१४ पद्धतीने तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे एका दिवशी पडलीच नव्हती. त्यांचे मृत्यू अनेक दशकांवर पसरलेले होते, आणि तेही रोमन स्वारीपूर्वीचे. घाव खरे होते. ते घालणारे हात बहुधा घरचेच होते.

मग गड केवळ युद्धासाठी होता काय? हॅम्पशायरमधील डेनबरी गड बॅरी कनलिफ यांनी १९६९ पासून १९८८ पर्यंत वीस हंगाम खणला. तेथे सापडली ती धान्याची हजारो पेवे! आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला त्यांचे मर्म समजावून सांगायला नको. तोंड मातीने लिंपले की कडेचे दाणे आतला प्राणवायू संपवतात आणि उरलेले धान्य निद्रिस्त राहून टिकते. तटामागे जपायचे होते ते पुढल्या पेरणीचे बियाणे.

सॉमरसेटमधील कॅडबरी गडाची गोष्ट निराळी. १५४२ साली जॉन लेलंड याने त्याचे नाते राजा आर्थरच्या कॅमेलॉटशी जोडले. लेस्ली अलकॉक यांनी १९६६ ते १९७० या काळात उत्खनन केले, तेव्हा इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत जुन्या तटावर नवा तट चढवल्याचे, त्यात रोमन इमारतींचे दगड वापरल्याचे आणि भूमध्य समुद्राकडून मद्य व तेलाचे रांजण आल्याचे सिद्ध झाले. लाकडी सभागृहाच्या खुणा मिळाल्या. कोणी बलाढ्य सरदार तेथे राहत होता हे खरे. पण आर्थरचे नाव मातीने उच्चारले नाही.

श्रोतेहो, आपल्याही प्रत्येक गडाला एखादी आवडती दंतकथा बिलगलेली असते. ती ऐकावी, मुलांना सांगावी. परंतु तिला इतिहास म्हणण्यापूर्वी मातीची साक्ष काढावी. गुप्तधनाच्या लोभाने गडावर कुदळ मारणारा, आणि हौसेपायी जुन्या पायावर सिमेंट ओतणारा, असे दोघेही तो साक्षीदारच नाहीसा करतात. मेडन कॅसलची चूक पन्नास वर्षांनी सुधारता आली, कारण हाडे जपली होती आणि मोठा भाग न खणता राखला होता. आपल्या गडांवर आपण उद्याच्या अभ्यासकासाठी एवढे तरी शिल्लक ठेवू या.