नापास कोण झाले?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. त्या अधिकाराने आज परीक्षा, उत्तीर्णता आणि मागे राहिलेले मूल यांविषयी काही विचार आपल्यापुढे ठेवतो.

१९६० च्या सुमारास, धारवाडात मी चौथीत असताना, माझ्या शेजारी एका शिंप्याचा मुलगा बसे. सव्वातीन वार कापडाचे पैसे तो बोटे न मोडता सांगे. पावकी-निमकी त्याला मुखोद्गत होती. पण वार्षिक परीक्षेत तो गणितात नापास झाला. पुढल्या वर्षी पुन्हा झाला. शाळा सोडून तो वडिलांच्या यंत्रावर बसला. मी पाचवीची पुस्तके घेऊन दुकानावरून जात असता तो एवढेच म्हणाला, "तू गेलास की रे पुढं." त्याला गणित येत होते; छापलेले उदाहरण वाचता येत नव्हते. हे मला उमगले तेव्हा मी स्वतः प्राध्यापक झालो होतो. त्याच्या निकालपत्रावर 'गणित' या शब्दापुढे लाल रेघ होती. खरे दुखणे 'वाचन' या शब्दापाशी होते.

दुसरी आठवण माझ्या अपराधाची आहे. पदवीच्या वर्गात सीमाभागातील एक विद्यार्थी होता. त्याला सलग परिच्छेद लिहिता येत नव्हता. मी दयाबुद्धीने त्याला काठावर उत्तीर्ण केले आणि मनाशी समाधान मानले. काही वर्षांनी तो नोकरीचा अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याच दारी आला. तेव्हा जाणवले की मी त्याच्यावर उपकार केले नव्हते. त्याला शिकविण्याचे टाळले होते.

पहिल्या मुलाला नापास करून सोडून दिले गेले, दुसऱ्याला पास करून. आपल्याकडील परीक्षेचा सारा वाद या दोन टोकांमध्येच हेलकावे खात आला आहे.

हा प्रश्न जुना आहे. १९२९ मधील हारटॉग समितीने प्राथमिक शाळांतील 'गळती' आणि 'स्थगन' यांकडे लक्ष वेधले होते. याच प्रश्नाला आयुष्य वाहणारे जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. पण ते शिकले आपल्या कर्नाटक कॉलेजात, आणि त्यांनी ग्रामसेवेचे आरंभीचे काम केले ते येथून जवळच असलेल्या उप्पिन बेटगेरीत. पुढे ते कोठारी आयोगाचे सचिव झाले. १९६६ च्या त्या अहवालाने पहिली व दुसरी हे वर्ग एकच एकक मानावेत, मध्ये नापासाची भिंत घालू नये, असे सुचविले. धारवाडकरांनी अभिमानाने आणि थोड्या संकोचानेही आठवावी अशी ही गोष्ट आहे.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात ठेवू नये, असे ठरविले. लोकांनी त्याला 'ढकलपास' म्हटले. पण त्याच कायद्याचे चोविसावे कलम फारसे कोणी वाचले नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्यास अधिक शिकवावे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून तेथे नोंदविले आहे. म्हणजे कायद्याने परीक्षेची भीती काढली, तेव्हाच शिकविण्याची जबाबदारी वाढविली होती. आपण पहिले तेवढे घेतले, दुसरे विसरलो. परिणाम समोर आहे. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले ४२.८ टक्केच आढळली. त्यात महामारीच्या काळातील बंद शाळांचाही वाटा होता, हे खरे.

२०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास अधिक अध्यापन, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यानंतरही मूल अनुत्तीर्ण राहिले तर त्याला मागे ठेवावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार सरकारांना, अशी त्याची रचना आहे. कर्नाटकात २०२३ व २०२४ मध्ये राज्यपातळीवरील प्रश्नपत्रिकांचा वाद उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२४ मध्ये परीक्षा रद्द होणे, सुरू होणे, थांबणे आणि पुन्हा होणे हे सारे एकाच महिन्यात घडले. ८ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालांना स्थगिती दिली. परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाचा, यावर एवढा खल झाला. पण दोन महिन्यांच्या अध्यापनाचे काय, हा प्रश्न कोणी न्यायालयात नेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे निकाल एप्रिलमध्ये लागतो. पुढचे दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, लग्नसराई आणि शेतकऱ्याची मशागत. त्या दिवसांत शिकवणार कोण, आणि शिकायला येणार कोण?

दहावीचीही तीच कथा. २०२४ मध्ये राज्यात वर्षाला तीन परीक्षांची सोय झाली. ती मला स्तुत्य वाटली. त्याच वर्षी परीक्षागृहांत कॅमेऱ्यांची देखरेख आली आणि पहिल्या परीक्षेचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० टक्क्यांवर उतरला. तोही वाढीव गुण देऊन. पुढे २०२५ मध्ये राज्याने उत्तीर्णतेची मर्यादा एकूण गुणांच्या ३५ टक्क्यांवरून ३३ वर आणल्याचे जाहीर केले. उंबरठा दोन बोटे खाली केला म्हणून पायातले बळ वाढत नाही. पण उंबरठा उंच ठेवणारेही पायाला बळ देत नाहीत, हेही तितकेच खरे.

आपल्या हुबळी-धारवाडच्या मुलाचा प्रश्न आणखी एका पदराचा आहे. घरी मराठी, गल्लीत कन्नड, पुस्तकात इंग्रजी. २०१५ च्या राज्य कायद्याने कन्नड शिकणे बंधनकारक झाले. येथे राहणाऱ्याने येथील भाषा उत्तम शिकावी, हे मी मनःपूर्वक मानतो. मात्र असे मूल विज्ञानात अडले, तर ते विज्ञानात अडले की प्रश्नाच्या भाषेत, हे आधी पाहिले पाहिजे. वैद्य नाडी पाहून औषध देतो. आपण नाडी न पाहता निकालपत्र देतो.

म्हणून या शाळेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली : जूनमध्येच प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून एक उतारा वाचून घ्यावा आणि दोन उदाहरणे तोंडी सोडवून घ्यावीत, गुण देऊ नयेत, नोंद ठेवावी. दुसरी : रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येत नाही ते शिकवावे, आणि या तासाला शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक असावा, कनिष्ठ नव्हे. तिसरी : नापास झालेल्या मुलाच्या घरी आठ दिवसांच्या आत कोणीतरी जावे. माझ्या वर्गमित्राच्या दुकानात त्या वेळी कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. नुसताच समोरून गेलो.

ज्यांचे आज आपण स्मरण करीत आहोत त्यांच्या पिढीतील शिक्षक संध्याकाळी पडवीत कंदील लावून मुलांना बसवीत. त्यासाठी परिपत्रक निघाले नव्हते. आज कलम आहे, नियम आहे, परिपत्रक आहे. पडवी तेवढी रिकामी आहे. नियम आपण बदलू शकणार नाही कदाचित, पण ती पडवी भरणे आपल्या हातात आहे.

मूल नापास झाले म्हणजे निकाल संपला असे समजू नका. त्या दिवशी खरी परीक्षा आपली सुरू होते. ती आपण उत्तीर्ण व्हावी, एवढी प्रार्थना करतो.