आम्लाची ताकद पाण्यात ठरते

लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा अगदी कोरडे असताना एकत्र कालवले, तर काहीच घडत नाही. त्यावर पाणी पडले की लगेच फेस उसळतो. आम्लाचे गुण त्या पदार्थातच भरलेले असतात, असे आपण समजतो. माझे म्हणणे असे, की ते पाण्याशी होणाऱ्या देवघेवीतून प्रकट होतात. हायड्रोजन क्लोराइड वायू टोल्युइनमध्ये विरघळवला, तर त्या द्रावणातून वीज जवळजवळ वाहत नाही. तोच वायू पाण्यात विरघळवला की उत्तम वाहते, कारण आम्लाचा प्रोटॉन पाण्याचा रेणू उचलून घेतो आणि आयन सुटे होतात. आयनांचा हा विचार स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसचा. १८८४ साली त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली. १९०३ साली याच विचारासाठी त्याला नोबेल मिळाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू हवेत भेटले, तरी नवसागराचा पांढरा धूर होतो. तिथे पाणी कुठे आहे? नाही, हे खरे. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लॉवरी या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. मग घेणारा पाणीच असला पाहिजे असे नाही. पण यातून माझा मुद्दा पक्काच होतो, कारण देणाऱ्याची ताकद घेणाऱ्यावाचून ठरतच नाही. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आपले जवळजवळ सगळे प्रोटॉन देऊन टाकते, तर व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम एक रेणू प्रोटॉन सोडतो. म्हणून तितक्याच संहतीला पहिल्याचा सामू १, दुसऱ्याचा सुमारे २.९.

मग सौम्य आम्ल म्हणजे थोडे आम्ल का? मुळीच नाही. या दोन द्रावणांचे सारखे माप घेतले, तर त्यांच्या उदासिनीकरणाला कॉस्टिक सोडा सारखाच लागतो. सुटे प्रोटॉन सोडा टिपून घेतो, तसतसे उरलेले रेणू नवे प्रोटॉन सोडत जातात. सामू फक्त या क्षणी सुटे असलेले प्रोटॉन सांगतो, मागचा साठा सांगत नाही. निर्जल ॲसेटिक आम्ल पुस्तकाच्या हिशेबाने सौम्यच आहे, पण अंगावर सांडले तर कातडी भाजते. विद्यार्थ्यांनी ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घातलाच पाहिजे.