उमेदवारीचं दार आणि गावाचा कारभार

(हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ग्रामपंचायतीत कोण निवडून आलं यावर आपण पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात पाच-पाच वर्षं बोलत असतो. पण मतदान यंत्रावर ती नावं आली कशी, आणि कुणाची नावं तिथवर पोहोचलीच नाहीत, याची चर्चा होत नाही. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेसारख्या देशात पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवण्यासाठीही मतदान होतं. त्याला तिकडे प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा उमेदवार पक्षाच्या एबी फॉर्मवर ठरतो. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. तिथे उमेदवार ठरतो तो गावकीच्या बैठकीत आणि तहसील कचेरीत. पहिल्या ठिकाणी गावातली वजनदार माणसं ठरवतात, दुसऱ्या ठिकाणी कागद ठरवतो. मतदाराची पाळी त्यानंतर येते.

आपल्याकडे तक्रार एकच ऐकू येते : 'कोणीही उठतो आणि उभा राहतो, नियम कडक करा.' या तक्रारीमागची तळमळ मला मान्य आहे, तिच्यातला उपाय मान्य नाही. आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत आजचे नियम अकार्यक्षम माणसाला अडवत नाहीत. ते गरीब माणसाला अडवतात.

आधी नियम पाहू. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम वय २१ पूर्ण आणि मतदार यादीत नाव, एवढ्यावर उमेदवारीला सुरुवात करतो. राज्यघटनेतही वयाची अट २१ चीच आहे. पण त्यानंतर वर्षागणिक अटी वाढत गेल्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल मुदतीत भरलं नसेल तर अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र. घरात शौचालय नसेल, किंवा असूनही वापरात नसेल, तर अपात्र. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, तेव्हा १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी पासची अट आली. २०२० साली ती सदस्यांनाही लागू झाली. जागा राखीव असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. ते हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. निवडून आल्यावर मुदतीत वैधता आली नाही, तर पद गेलं.

आता अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहा. एखाद्या वाडीवरची बाई येते. हातात कापडाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तिची सगळी कागदपत्रं. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मध्ये कुणीतरी चुकवलेली वेलांटी. अर्ज आधी संगणकावर भरायचा, म्हणून बाहेरच्या केंद्रावर रांग. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत खातं हवं, म्हणून बँकेत रांग. मालमत्ता आणि गुन्ह्यांचं घोषणापत्र, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला. अनामत रक्कम राखीव उमेदवाराला अवघी १०० रुपये, खुल्या प्रवर्गाला ५००. म्हणजे कायद्यानं पैशाची अडचण ठेवलेली नाही. पण हे सगळे कागद गोळा करायला बुडालेली मजुरी, वडापचं भाडं, झेरॉक्स आणि केंद्रवाल्याचे पैसे धरले, तर शंभर रुपयांची उमेदवारी पोट हातावर असलेल्याला परवडत नाही. दुपारी तीनला मुदत संपते, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. छाननीत अर्ज बाद झाला, तर निवडणूक पार पडल्यावर दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. विटा थापणारी बाई त्या वाटेला जाईल, असं कुणी म्हणेल का?

कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखे आहेत. तर सातवी पासची अट आपल्या मातीवर तपासून पाहू. शहापूर तालुका सगळाच अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाडमधली कितीतरी गावं येतात. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्यामुळे या गावांतलं सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानंही अशा आरक्षणावर शिक्कामोर्तब केलं. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी हे या भूमीचे रहिवासी. त्यांतले कातकरी सरकारदरबारी आदिम जमात म्हणून नोंदलेले. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. बयाणा घेतलेला असतो. कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. या कुटुंबांतल्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, सरकारनंही पुढे शिक्षण हमी कार्ड काढलं. तरीही दिवाळीला सुटलेली शाळा अनेकांची कायमचीच सुटली.

आता १९९८ साली जन्मलेली अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. पाचवीत भट्टीवर गेली, शाळा तिथेच संपली. तिला लिहिता-वाचता येतं, मोबाइलवर ती रोजगार हमीची हजेरी तपासते, भट्टीमालकाशी हिशोबावरून वाद घालते. तिला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. तिची १९७५ साली जन्मलेली आत्या अंगठा उठवते, तिला येतं. या अटीत योग्यता कुठे मोजली गेली? शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर कितीतरी वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापासच करता येत नव्हतं. म्हणजे सातवीचा दाखला 'हे मूल एका जागी राहिलं' एवढंच सांगतो. ज्याचे आईबाप पोटासाठी गाव सोडून जातात, त्याला तो दाखला मिळत नाही. ज्या सरकारला त्या मुलाला शाळेत टिकवता आलं नाही, तेच सरकार आता त्याला म्हणतं, तुझं शिक्षण कमी पडलं!

जात वैधतेचंही तसंच. अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारला जातो. आजोबा शाळेत गेले असते तर रजिस्टरला नोंद असती. नावावर जमीन असती तर जुन्या सातबारावर नाव असतं. आदिवासींत ज्यांच्या घरी कागद आहे त्यांना आरक्षण, आणि ज्यांच्यासाठी आरक्षणाची सर्वांत जास्त गरज, ते दाराबाहेर. अतिक्रमण आणि शौचालयाच्या अटीही याच ठिकाणी येऊन भिडतात. ज्या वाडीची जागा वाडीच्या नावावर नाही, तिथे घर हेच अतिक्रमण आणि शौचालय बांधायला जागेचा कागद नाही.

आणि आता एक गोष्ट सांगतो, तिचा तुम्हीच विचार करा. शहापूर हा विधानसभेचा राखीव मतदारसंघ, शेजारी मुरबाड. या जागांवर आमदारकीला उभं राहायला शिक्षणाची अट नाही, अपत्यांची अट नाही, शौचालयाची नाही. खासदारकीलाही नाही. राज्याचे कायदे करणाऱ्याला जी अट नाही, ती गावच्या नळाची दुरुस्ती करणाऱ्या सदस्याला आहे. पद जितकं लहान, चाळणी तितकी बारीक. दोन अपत्यांची अट मध्य प्रदेशानं २००५ साली, हरियाणानं २००६ साली आणि आंध्र प्रदेशानं २०२४ साली काढून टाकली. राजस्थाननं शिक्षणाची अट आणली आणि २०१९ साली रद्द केली. आपणही फेरविचार केला तर त्यात कमीपणा नाही.

समोरची बाजूही मोठी आहे, तिला बगल देणार नाही. संविधान सभेच्या समारोपाच्या भाषणात, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. राजेंद्रप्रसादांनी कायदेमंडळाच्या सदस्यांसाठी पात्रता ठरवता आली नाही याची खंत बोलून दाखवली होती. हरियाणानं पंचायतीसाठी शिक्षणाची अट घातली, तेव्हा राजबाला खटल्यात १० डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. बरं-वाईट पारखण्याचं बळ शिक्षणानं येतं, असा त्या निकालाचा आधार. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. पण अट वैध आहे म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही.

अकार्यक्षम कारभार खरा आहे, आणि त्याचा फटका आपण सोसतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं मुंबईची तहान भागवतात आणि शहापूरच्या वाड्यांत मार्च उजाडला की बायका टँकरची वाट बघतात. अशा गावाचा सरपंच जाणता हवाच. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो. हे पैसे आता सरपंचाच्या डिजिटल सहीनं निघतात, आणि ती सही ठेवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा कुणाच्या खिशात आहे, हा खरा प्रश्न आहे. पद राखीव असतं, म्हणून गावातला एखादा बडा माणूस आपल्या शेतावरच्या गड्याला किंवा त्याच्या बायकोला उभं करतो, कागदपत्रं स्वतः जमवून देतो, आणि पाच वर्षं कारभार स्वतः हाकतो. त्या उमेदवाराचे सगळे कागद चोख असतात. छाननीत तो अर्ज कधीच बाद होत नाही. जी स्वतःच्या हिमतीवर आली, तिचा होतो.

निवडून आल्यावरही तेच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला, ती सासूच्या घरी राहते, ते घर सरकारी जागेवर आहे, या आरोपावरून पदावरून काढलं गेलं. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं बजावलं. अपात्रतेचं कलम कुणाविरुद्ध आणि कशासाठी वापरलं जातं, हे त्या निकालातून शिकावं.

गावकीच्या बैठकीकडेही पाहायला हवं. 'बिनविरोध' या गोष्टीचं आपल्याला फार कौतुक. निवडणूक टळली, भांडणं टळली, वर निधीही जाहीर होतो. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली. पैसा देवळाला जाणार होता. देवाच्या नावानं झाला तरी तो मताचाच सौदा. बिनविरोध गावात किती जणांना गप्प बसवलं, हे आधी विचारा.

मग योग्य माणूस मिळायचा कसा? दारावर परीक्षा घेऊन नव्हे, आत आलेल्याला तयार करून आणि त्याच्यावर लक्ष ठेवून. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन शाळेत आल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. ज्या तालुक्यानं सत्तरीच्या आजीला अक्षर शिकवून दाखवलं, त्याला तिशीतल्या सदस्याला जमाखर्च वाचायला शिकवणं अवघड आहे का? निवडून आलेल्या प्रत्येकाला पहिल्या सहीआधी प्रशिक्षण द्या, तेही तालुक्यातच, त्याला समजेल अशा बोलीत. डिजिटल सही सरपंचाच्याच हातात राहील याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाका. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं बंधनकारक आहेत. त्या कागदावर न भरता मैदानात भरू द्या. पेसा गावात तर ग्रामसभा हीच मालक आहे.

आणि निवडणूकच झाली नाही तर काय होतं, तेही पाहा. ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. ती मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यभरातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षं खोळंबल्या, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्यायला सांगावं लागलं. निवडून दिलेलाच नसेल तर जाब विचारायचा कुणाला? उमेदवार अपुरा असेल, तर मतदार त्याला पाच वर्षांनी घरी बसवू शकतो. प्रशासकाला घरी कोण बसवणार?

म्हणून तुम्हा सगळ्यांना माझं मागणं आहे. शिक्षकांनो, दिवाळीआधी वाडीवर जा आणि शाळा सुटलेल्या प्रत्येक तरुणाचा दाखला शोधून त्याच्या हातात द्या. बाहेरून परीक्षा देता येईल त्यांना बसवा. वकिलांनो, जात वैधतेचे अर्ज निवडणूक लागल्यावर भरायचे नसतात. वर्षभर शिबिरं घ्या. आदिवासी प्रकल्प कार्यालय आणि तहसीलदारांकडे मागणी करा की दाखले वाडीवर येऊन द्यावेत. आमदारांना भेटाल तेव्हा विचारा, जी अट तुम्हाला नाही ती आमच्या सदस्याला का? आणि पुढच्या ग्रामसभेला तुम्ही स्वतः जा, आणि गेल्या वर्षाचा जमाखर्च मोठ्यानं वाचायला सांगा. सरपंचाची योग्यता तिथे कळेल, आणि आपलीही.